निखाऱ्यांना धूर नव्हता

माझ्या बॅगेत सरकारने दिलेला बाळांचा वजनकाटा होता, डोक्याचा घेर मोजायची टेप होती, आणि सरकारने न दिलेला, मी स्वतः विकत आणलेला, खोलीचं तापमान दाखवणारा थर्मामीटर होता. कुठल्याही घरात शिरले की बाळाकडे बघण्याआधी मी तो टेबलावर ठेवायची. बाळाची आई विचारायची, "सिस्टर, हे काय?" मी म्हणायची, "काही नाही, माझा एक चाळा." चहा येईपर्यंत आकडा स्थिर व्हायचा. जुलैच्या सकाळी तो अकरा दाखवायचा, कधी नऊ. अंगणातला नव्हे, घरातला.

तुम्ही हा दिवाळी अंक हातात घ्याल तेव्हा इथे सिडनीत पंखे पुसायला काढलेले असतील. आमचा हिवाळा जून ते ऑगस्ट. भारतातले नातेवाईक फोनवर हसतात, "ऑस्ट्रेलियात कसली आलीय थंडी?" बर्फ पडत नाही हे खरं आहे. पण टूनगॅबी, गिरावीन या आमच्या पश्चिमेकडच्या भागात पहाटे एक-दोन डिग्री होतं, गवतावर दव गोठतं, आणि घरं अशी बांधलेली की जणू या देशात फक्त उन्हाळाच असतो. पातळ भिंती, एकेरी काचा, दाराखाली बोटभर फट. कॅनडाहून आलेली एक बाळंतीण मला म्हणाली होती, की तिकडच्या उणे वीसमध्ये ती जेवढी कुडकुडली नाही तेवढी तिच्या इथल्या बेडरूममध्ये कुडकुडली. मी हसले होते, आणि तिला जाड पडदे लावायला सांगून आले होते.

मी मूळची वसईची. नर्सिंग मुंबईत शिकले, लग्न करून इथे आले, आणि नोकरी पॅरामॅटाच्या एका सरकारी आरोग्यकेंद्रात केली. बाळ जन्मलं की पहिल्या पंधरा दिवसांत एक नर्स त्याच्या घरी जाते, ती मी. बाळाचं वजन घ्यायचं, दूध नीट पितंय का बघायचं, आईच्या टाक्यांची आणि तिच्या मनाचीही चौकशी करायची, बाळ झोपतं ती जागा तपासायची. ऐकायला सोपं वाटतं. अवघड एवढंच की आपल्या माणसांच्या घरात कोणालाच कधी काहीच होत नसतं. "सगळं छान आहे, सिस्टर." ओठ निळे पडलेला माणूससुद्धा मला हेच सांगायचा.

असा एक माणूस माझ्या वाट्याला आधीच येऊन गेला होता. बाळांकडे वळण्याआधी काही वर्षं मी म्हाताऱ्यांच्या घरी जायची. त्यात पास्कल अंकल होते, आमच्याच वसईचे, मुलाच्या घरामागच्या छोट्या खोलीत एकटे राहायचे. मुलगा-सून नोकरीवर. एका सकाळी मी बेल वाजवून थकले, आतून उत्तर नाही. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, "कारमध्ये बघ." पास्कल अंकल ड्राइव्हवेत उभ्या गाडीत, मागच्या सीटवर, उन्हात बसून माळ जपत होते. "घरापेक्षा गाडी गरम असते गं," ते म्हणाले. "काचेतून ऊन येतं ना." मी त्यांचा हात धरला. तो त्या उन्हातही गार होता. अंगात तीन स्वेटर, आणि पाय उघडे, कारण वाकून मोजे घालता येत नव्हते आणि ते कोणाला सांगायची लाज वाटत होती. मी त्यांना मोजे घातले, आणि रोज सकाळी लायब्ररीत सोडायची व्यवस्था केली. लायब्ररीत दिवसभर हीटर असतो, कोणी उठ म्हणत नाही, आणि तुम्ही एक दिवस आला नाहीत तर चौकशी होते. पुढे ते तिथल्या बायकांना बुद्धिबळ शिकवायला लागले आणि मला ओळख दाखवेनासे झाले.

त्या दिवसापासून मला एक सवय जडली. कुठल्याही घरून निघताना शेजारचं दार वाजवायचं, नाव विचारायचं, जमलं तर नंबर घ्यायचा. आमच्या ऑफिसच्या फॉर्मवर असा रकाना-बिकाना काही नाही. माझ्या वहीत असायचं. आपल्या लोकांना शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नाव माहीत असतं, शेजाऱ्याचं नसतं.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात एका मंगळवारी मी गिरावीनला एका घरी गेले. त्या आठवड्यात थंडीची लाट होती, बातम्यांत रोज तेच. घर भाड्याचं, दक्षिणेकडे तोंड केलेलं, म्हणजे इथल्या हिशोबाने दिवसभर सावलीत. प्रज्ञा आणि अमित, दोघंही आयटीतले. नऊ दिवसांची मुलगी, अजून नाव ठेवायचं होतं, बारसं रविवारी होतं. आणि प्रज्ञाची आई, कुसुमताई, देवळालीहून खास बाळंतपणासाठी आलेल्या.

दार उघडल्या उघडल्या मला वास आला. ओवा, लसणीची सालं, वावडिंग. धुरी. तीस वर्षांत मी तो वास घेतला नव्हता. माझ्या बाळंतपणात आमच्याकडे वसईलाही माझ्या आईने मला हाच शेक-शेगाट दिला होता, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून. डोळ्यांत पाणी येईल की काय असं वाटलं, आणि मी घाईने थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला. हॉलमध्ये चौदा. बेडरूममध्ये दहा.

कुसुमताई ठेंगण्या, नीटस, अंगात स्वेटरवर स्वेटर. तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. बाळाला त्यांनी ज्या हाताने माझ्या काट्यावर ठेवलं त्यावरूनच मला कळलं की ही बाई माझ्याच धंद्यातली आहे. मान धरायची पद्धत, कपडे काढायचा वेग, काट्याच्या थंड पत्र्यावर आधी स्वतःचा तळवा ठेवून तो उबवणं. मी त्यांना तसं म्हटलं. त्या लाजल्या.

"आमच्याकडे काटा टांगायचा होता, सिस्टर. झोळीचा. बाळं त्यात मासळीसारखी लटकायची."

"माझ्याकडे पहिल्यांदा तोच होता, ताई."

आम्ही दोघी हसलो. प्रज्ञा आमच्याकडे बघत म्हणाली, "तुमचं दोघींचं झालं की माझ्याकडे पण बघा."

मग चहा झाला आणि मी विषय काढला. मला ठाऊक होतं की काढायला हवा, आणि हेही ठाऊक होतं की कसा काढायचा नाही. आमच्या केंद्रातल्या काही तरुण नर्स आपल्याकडच्या बायकांना "दिस इज डेंजरस" असं तोंडावर सांगतात आणि मग त्या घरात परत कोणी त्यांना खरं सांगत नाही. मी गोड बोलले. फार गोड बोलले. म्हटलं, "ताई, धुरी मलाही आवडते. पण इथली घरं बंद. धूर कोंडतो. एवढ्याशा फुप्फुसांना धूर चांगला नाही."

त्या एकदम ऐकणाऱ्या बाई. "हो, ते बरोबर आहे. तिकडे आमची घरं कौलारू, धूर वरून जायचा. इथे परवा तो छतावरचा भोंगा वाजायला लागला."

"स्मोक अलार्म," प्रज्ञा म्हणाली. "मी किचन टॉवेलने वारा घालत होते त्याला."

"मग धूर बंद," कुसुमताई म्हणाल्या.

"धूर बंद," मी म्हणाले, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग थंडीचं सांगितलं. तेलाचा हीटर बेडरूममध्ये हलवा, बाळाच्या अंगावर सैल पांघरूण नको, झोपताना टोपडं नको. टोपड्यावरून आमची जरा जुंपली, पण तेही त्यांनी मान्य केलं. आणि दाराखालची फट. ती मी स्वतः गुडघ्यावर बसून दाखवली. एक जुना बाथ टॉवेल मागितला, त्याची घट्ट सुरळी केली आणि बेडरूमच्या दाराशी लावली. "बघा, लगेच वारा बंद." खिडकीच्या चौकटीलाही चिकटपट्टी लावायला सांगितली. हे सगळं मी प्रत्येक घरात सांगायची. शेकडो घरांत सांगितलं असेल.

निघताना सवयीने शेजारचं दार वाजवलं. एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस बाहेर आला, थंडीत हाफ पॅन्ट घालून. रॉन. ट्रक चालवायचा, आता निवृत्त. त्याच्या पायाशी एक म्हातारी काळी कुत्री. प्रज्ञाच्या घरचे तिला घाबरतात हे त्याला माहीत होतं आणि त्याचं त्याला वाईट वाटत होतं. "शी'ज गॉट थ्री टीथ," तो म्हणाला. मी त्याचा नंबर वहीत लिहिला.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी पॅरामॅटाला ऑफिसात बसून फोनवरची विचारपूस करत होते. ज्या बाळांचं वजन थोडं कमी असतं त्यांच्या आयांना दोन-तीन दिवसांनी फोन करायचा असतो. प्रज्ञाने बऱ्याच वेळाने उचलला. आवाज जड.

"झोपली होतीस?"

"नाही... हो. डोकं खूप दुखतंय, सिस्टर. सकाळपासून. मळमळतंय पण."

"ताप?"

"ताप नाही. आईचं पण डोकं दुखतंय. अमित ठीक होता, ऑफिसला गेलाय. थंडीनं असेल."

मी पेन खाली ठेवलं. एका घरात दोन माणसांचं डोकं एकाच सकाळी दुखलं की नर्सच्या मनात एक घंटा वाजते. पण मला तेव्हाही नीट ऐकू आली नाही. वाटलं, फ्लू असेल.

"बाळ कसं आहे?"

"छान झोपलंय. पहाटे पाचला प्यायली, त्यानंतर उठलीच नाही. मी उठवायला गेले तर तोंडच उघडेना. आई म्हणते झोपू दे, ऊब मिळालीय बिचारीला."

"हीटर किती वर ठेवलाय?"

"हीटर नाही लावलेला. आईनं खोली मस्त गरम केलीय." आणि मग ती जरा अभिमानानेच म्हणाली, "धूर अजिबात नाहीये. तुम्ही सांगितलंत ना, म्हणून आई कोळसे आधी अंगणात पूर्ण पेटवते. लाल झाले की मग आत आणते. अलार्म पण वाजत नाही आता."

मी खुर्चीतून उठले.

या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कोळसा जळतो तेव्हा त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो, आणि माणसाला आधी डोकेदुखी होते, मग मळमळ, मग छान झोप लागल्यासारखं वाटतं. धूर असला की निदान माणूस दार उघडतो. लालभडक, स्वच्छ, बिनधुराचा निखारा बंद खोलीत धुरी देणाऱ्या निखाऱ्याइतकाच घातक असतो. धुराचा अलार्म त्याला वाजत नाही. कौलारू घरात, फटींच्या भिंतींत, पिढ्यान् पिढ्या तो वायू निघून जात होता. इथे फटी मी बुजवल्या होत्या.

"प्रज्ञा, ऊठ. बाळाला घे आणि आईला घेऊन बाहेर जा. आत्ता."

"बाहेर कुठे? अंघोळ पण नाही झाली अजून..."

"अंगणात. रस्त्यावर. कुठेही. ऊठ."

ती उठली असावी. पलंगाचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा. मग फोन गादीवर आपटल्याचा. मी तिला हाका मारत राहिले. थोड्या वेळाने कुसुमताईंचा आवाज आला. "सिस्टर? ही खाली बसली. चक्कर आली वाटतं. अशक्तपणा आहे."

टेबलावर ऑफिसचा फोन होता. मोबाइल स्पीकरवर ठेवून मी त्यावरून इमर्जन्सीला फोन लावला, पत्ता सांगितला, बंद घरात कोळसा, तीन माणसं, एक बारा दिवसांचं. त्या पलीकडच्या मुलीने अतिशय शांतपणे सगळं विचारलं. मला तिच्या शांतपणाचा राग आला. एकीकडे मी तिला उत्तरं देत होते, दुसरीकडे मोबाइलमध्ये ओरडत होते.

"ताई, खिडकी उघडा."

"तिला पट्टी लावलीय ना, सिस्टर."

"मग दार उघडा. बाळाला घेऊन बाहेर जा."

"बाहेर गारठा आहे." त्यांची जीभ अडखळत होती. "सव्वा महिना झाला नाही. एवढ्या थंडीत तान्हं बाळ... गाल बघा कसे लाल झालेत. आत्ता कुठे ऊब आलीय."

लाल गाल उबेनेही होतात. त्या वायूनेही होऊ शकतात. फोनवरून मला कसं कळणार होतं? मी पुन्हा सांगितलं, विनवलं, दरडावलं. त्या "हो हो" म्हणत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. त्यांचंही डोकं तोवर काम करेनासं झालं होतं हे मला आज समजतं. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर संताप आला.

मग वही उघडली आणि ऑफिसच्याच फोनवरून रॉनला फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, "बॅक डोअर ऑर फ्रंट?" मी म्हटलं, दोन्ही बघ, तोडावं लागलं तर तोड. फोन न ठेवताच तो पळाला.

मोबाइलमधून आधी कुत्रीचं भुंकणं ऐकू आलं. मग मागचं दार धाडकन उघडल्याचं. मग कुसुमताईंची किंकाळी. एक अनोळखी दाढीवाला माणूस कुत्र्यासकट घरात शिरला होता, आणि त्या बाईने, जिला उभं राहणं कठीण झालं होतं, नातीला छातीशी असं काही आवळलं की रॉन मला नंतर म्हणाला, ओढून घेतली असती तर बाळाचा हात मोडला असता.

"कोण आहे? कोण आहे हा?"

रॉन सांगत होता, "इट्स ओके, लव्ह, इट्स ओके." त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.

मी फोन तोंडाजवळ धरून ओरडले, "ताई, तो माझा माणूस आहे. मी पाठवलाय. बाळ त्याच्याकडे द्या."



"तुमचा आहे?"

"माझा आहे, ताई. द्या."

आणि त्यांनी दिलं. मला कसं कळलं? रॉन "गॉट हर" म्हणाला. मग जड पावलं, मग पुन्हा जड पावलं, प्रज्ञाला उचलताना त्याचं कण्हणं, कुसुमताईंची सरपटत जाणारी चप्पल, आणि मग काहीच नाही. फोन गादीवरच राहिला होता.

मी गाडीत बसले. गिरावीनपर्यंत वीस मिनिटं. फोन शेजारच्या सीटवर, चालू. बंद करायची हिंमत होत नव्हती. त्यातून रिकाम्या खोलीचा आवाज येत होता. मधूनच कोळसा तडकल्याचा. लांबून कुत्रीचा. मी एका आवाजासाठी कान लावून बसले होते, बाळाच्या रडण्याच्या, आणि तो येत नव्हता. मनाला समजावत होते की ते सगळे बाहेर आहेत, फोन आत आहे, रडली तरी ऐकू येणार नाही. समजूत पटत नव्हती. आयुष्यभर रडणारी बाळं शांत करायला शिकवलं आणि त्या वीस मिनिटांत देवाकडे एवढंच मागत होते की ती रडू दे. एक सिग्नल मी लाल असताना ओलांडला. नंतर त्याचं दंडाचं पत्र आलं, तो दंड मी गुपचूप भरला.

पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात होती. प्रज्ञा गवतावर, तोंडावर मास्क, अंगावर रॉनच्या घरची गोधडी. कुसुमताई एका घडीच्या खुर्चीत, गुडघे धरून, डोळे शून्य. रॉन बनियन आणि हाफ पॅन्टवर उभा होता, कारण त्याचं लोकरीचं जॅकेट बाळाभोवती होतं आणि बाळ ॲम्ब्युलन्समध्ये होतं. मी आत डोकावले. नाकाजवळ नळी. पॅरामेडिक मुलीने माझ्याकडे न बघताच विचारलं, "व्हॉट्स हर नेम?"

मी म्हटलं, नाव अजून ठेवलेलं नाही.

तिने फॉर्मवर 'बेबी ऑफ प्रज्ञा' लिहिलं. मला ते बघवलं नाही. मग त्या बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि एक बारीक, चिडका आवाज काढला. मांजराचं पिल्लू ओरडावं तसा. पॅरामेडिक म्हणाली, "दॅट्स द गर्ल." मी रस्त्याच्या कडेला बसले.

त्यांना हॉस्पिटलला नेल्यावर फायर ब्रिगेडच्या माणसांनी खोली उघडी केली. मी दारातून पाहिलं. पलंगाच्या बाजूला कुंडीची जाड मातीची थाळी, खाली वाळू पसरलेली, वर निखारे. अतिशय नीट काम. वाळू पसरून जमीन जपली होती, थाळी बाळापासून हातभर लांब होती, पडद्याला ठिणगी लागू नये म्हणून पडदा बांधून ठेवला होता. आगीचा धोका या बाईने पूर्ण टाळला होता. दाराशी माझ्या टॉवेलची सुरळी पडली होती.

सगळी वाचली. तीन दिवसांनी घरी आली. पण डॉक्टरांनी सांगितलं, बाळावर काही महिने लक्ष ठेवावं लागेल, मेंदूवर परिणाम झाला का ते लगेच कळत नाही. ते महिने मी विसरू शकत नाही. सहाव्या आठवड्यात हसायला हवी, हसली. मान धरायला हवी, चार दिवस उशिरा धरली, आणि त्या चार दिवसांत मी जेवले नाही. निवृत्त झाल्यावरही कुठलंतरी निमित्त काढून त्यांच्या घरी जात राहिले. प्रज्ञाला वाटायचं, सिस्टरला किती माया आहे. माया होतीच. पण मी तिच्या मुलीकडे बघताना माझी चूक शोधत असायची. आता ती मुलगी नर्सरीत जाते, आजीशी व्हिडिओवर इंग्रजीत भांडते. तरीही ती एखादा शब्द शोधताना थबकली की माझं काळीज थबकतं.

ऑफिसात अहवाल लिहावा लागला. मी लिहिलं, 'कुटुंबाला घरातल्या धुराच्या धोक्याबद्दल मंगळवारच्या भेटीत माहिती दिली होती.' त्यातला एकही शब्द खोटा नाही. माझ्या मॅनेजरने वाचून माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेजाऱ्याचा नंबर घेण्याची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी अशी मीटिंगमध्ये सूचना झाली, आणि टाळ्या पडल्या.

कुसुमताई पंधरा दिवस बोलल्या नाहीत. बाळाला हात लावत नव्हत्या. प्रज्ञा रडायची, "आई, घे ना तिला." त्या हात मागे घ्यायच्या. मग एक दिवस मला म्हणाल्या, "सिस्टर, इथे माझ्यासारख्या बऱ्याच आल्या असतील ना? बाळंतपणाला?"

"बऱ्याच."

"मला त्यांच्याकडे घेऊन चला."

ऑगस्टभर आम्ही दोघी हिंडलो. टूनगॅबीच्या चर्चचा हॉल, गिरावीनच्या पार्कातला आज्यांचा कट्टा, विहारातली रविवारची वंदना, वाण्याच्या दुकानाबाहेरचा बाक. मी पत्रकं वाटायची. त्यांत लिहिलेलं असायचं, कोळसा आणि अंगणातली शेगडी घरात कधीच नको, धूर नसला तरी नको. विषारी वायूचा वेगळा अलार्म मिळतो, तो लावा. डोकं दुखून झोप यायला लागली की आधी बाहेर या, थंडी असली तरी, आणि मग फोन करा. शेजाऱ्याचं नाव माहीत करून घ्या. पत्रकं कोणी वाचत नव्हतं. सगळ्या कुसुमताईंकडे बघत असायच्या. त्या अंगणवाडीच्या आवाजात, खाली बघत, सांगायच्या, "मी तीस वर्षं हेच काम केलं. आणि माझ्या हातून माझी नात गेली असती." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ह्या सिस्टरनी मला आधीच सांगितलं होतं. मी अर्धंच ऐकलं."

बायका हळहळायच्या. एखादी माझा हात धरून म्हणायची, तुम्ही होतात म्हणून. मी पत्रक पुढे करायची.

पहिल्यांदा वाटलं, आत्ता मध्येच बोललं तर त्यांचं सांगणं विस्कटेल. दुसऱ्यांदा वाटलं, घरी जाताना गाडीत बोलू. गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मग सप्टेंबर आला आणि त्या देवळालीला गेल्या. विमानतळावर त्यांनी बाळाला पुन्हा उचलून घेतलं होतं, दोन्ही हातांनी, मान नीट धरून, आणि मग तिला प्रज्ञाकडे देऊन मला वाकून नमस्कार करायला लागल्या. मी त्यांना धरलं. तेव्हाही बोलले नाही.

या अंकाची एक प्रत मी देवळालीला पाठवणार आहे. ताई, मी तुम्हाला धुराचं सांगितलं, वायूचं सांगितलं नाही. मला तो माहीत होता. तुम्हाला दुखवायचं नव्हतं, आणि त्या वासाने मला माझी आई आठवली होती, म्हणून मी बोलणं तिथेच आवरतं घेतलं. फट मी बुजवली. तुम्ही अर्धं ऐकलं नाहीत. मी जेवढं सांगितलं तेवढं सगळं तुम्ही ऐकलंत.